दुकानात खाली पडलेली नोट

"वाजव. वाजवून दाखव."

बाळासाहेब काउंटरच्या आत खुर्चीत रेलून बसले होते. केजच्या बसस्टँडसमोरचं त्यांचं मोबाइलचं दुकान. भर दुपार. कुणी बिल भरायला आलेलं, कुणी नवं कार्ड घ्यायला, कुणी नुसतंच पंख्याखाली उभं. माझ्या खांद्याला क्लॅरोनेटची पेटी होती, कारण तिथून तसंच धारूरला हळदीला वाजवायला जायचं होतं.

"मालक, मी बिलाचं इचारायला आलोय," मी म्हणालो.

"मी बी बिलाचंच सांगतोय. बिलात गाण्याचे पैशे लागलेत. तू म्हणतूस, गाणं मी लावलंच न्हाई. मग वाजव त्येच गाणं. वाजवता आलं की कळंल कुणी लावलं ते."

दुकान हसलं.

आमची नांदूरघाटच्या मांगवाड्यातली बँड पार्टी. आजा हलगी वाजवायचा, बाप सनई, मी क्लॅरोनेट. पूर्वी सुपारी द्यायला माणूस यायचा तो वस्तीच्या कडेला उभा राहून हाक मारायचा. नावानं नाही, "ए बाजावाल्या" म्हणून. मग गावात टॉवर आला आणि मी महिन्याच्या बिलाचा मोबाइल घेतला. नंबर बँडच्या गाडीवर रंगवला, ढोलावर लिहून घेतला. लोक लांबलांबून फोन करायला लागले. फोनवर वाडा दिसत नाही. पलीकडचा माणूस म्हणायचा, "मास्तर, तुमाला यावंच लागतंय." मास्तर. तुमी. खरं सांगतो, मला ते ऐकायची चटक लागली होती. कधी कधी बोलणं उगीच लांबवायचो.

एक दिवस लोक सांगायला लागले, "मास्तर, तुमाला फोन लावला की घंटीच्या जागी गाणं ऐकू येतंय. लई झ्याक." शेजाऱ्याच्या फोनवरून मीच मला फोन लावला. खरंच, सिनेमातलं नवं गाणं. मी कुठलं बटण दाबलं नव्हतं. इंग्रजीतले संदेश यायचे, ते मला वाचता येत नव्हते. मला वाटलं, हा नंबर बँडवाल्याचा आहे हे कंपनीला कळलं असेल, म्हणून त्यांनी कौतुकानं गाणं लावलं. दुसऱ्या कुणाला असं वाटलं नसतं. पण ज्याच्या तीन पिढ्या दुसऱ्यासाठी वाजवण्यात गेल्या, त्याच्यासाठी कुणीतरी गाणं वाजवतंय, हे त्याला फार मोठं वाटतं. मी चारचौघांत सांगत फिरलो.

मग बिल आलं. गाण्याचं भाडं, गाणं बदलल्याचं भाडं, वर दंड. गाण्याचे सोडून बाकीचे भरतो म्हणालो, तर ऐन लगीनसराईत लाईन तोडली. गाडीवरचा नंबर तसाच, आणि लावणाऱ्याला एक बाई सांगायची की ही सेवा बंद आहे. लोकांना वाटलं, पार्टीच बंद पडली. सुपाऱ्या दुसरीकडं जायला लागल्या. पार्टीतली सगळी घरं माझ्या तोंडाकडं बघत होती, म्हणून मी दुकानात गेलो होतो.

बाळासाहेब आमच्या गावच्या माजी सरपंचांचा मुलगा. त्यांच्या घरच्या प्रत्येक कार्याला आम्हीच वाजवलेलं. "वाजवत न्हाई" असं मी म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हणालो. वाटलं, वाजवलं की हसतील, खूश होतील, लाईन चालू करतील. मोठ्या माणसाला खूश केलं की काम होतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. घरातच होतं ते.

पेटी उघडली. तोंडाला लावायची पत्ती ओली केली. वाजवलं.

आणि चांगलं वाजवलं. हीच सगळ्यात वाईट गोष्ट. सूर चुकला असता तर बरं झालं असतं, पण बोटांना अपमान कळत नाही. मुखडा झाला, अंतरा झाला. रस्त्यावरचे लोक दारात येऊन उभे राहिले. टाळ्या पडल्या. बाळासाहेब उठले, खिशातून दहाची नोट काढली, माझ्या डोक्यावरून ओवाळली आणि फरशीवर टाकली. वरातीत टाकतात तशी.

मी वाकलो.

वाजवता वाजवता वाकून नोट उचलायची सवय लहानपणापासूनची. वाकलो, उचलली, कपाळाला लावली. कपाळाला लावल्यावर कळलं की हे लग्न नाही.

"बगा, येतंय की समदं गाणं," बाळासाहेब लोकांना म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "जा, पैशे भर. लाईनचं मग बगू." बिल त्यांनी काउंटरवर टाकलं. हातात दिलं नाही.

घरी काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण मी हळद वाजवून परत येईपर्यंत केजहून आलेल्या कुणीतरी वस्तीत सगळं सांगून टाकलं होतं. बायकोनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"टाकली त्यांनी," ती म्हणाली. "तुमी उचलली कावून?"

"सवय हाय."

"सवय त्यांची का तुमची?"

मी ताट सरकवलं. लाज वाटत होती. बाळासाहेबांसमोर वाटली त्याहून जास्त तिच्यासमोर वाटली. आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या पाठीची वाटली. किती पटकन वाकली. मी सांगितलं नव्हतं तरी वाकली. ती नोट मी खर्चली नाही, फेकलीही नाही. क्लॅरोनेटच्या पेटीत ठेवली. पेटी उघडली की दिसायची आणि तोंड कडू व्हायचं.

केजच्या कोर्टाबाहेर एक म्हातारे गृहस्थ टाइपरायटर घेऊन बसायचे. त्यांना बिल दाखवलं. ते म्हणाले, "बीडला ग्राहक मंच हाय. तितं वकील लागतच आसं न्हाई. आपलं आपण बोलायचं."

"मी बोलू?"

"एवढ्या लोकांत वाजवतूस न्हवं? मग बोल की."

तक्रार दिली. त्यात कंपनीचं नाव होतं आणि दुकानाचंही. नोटीस गेली आणि थोड्याच दिवसांत बाळासाहेबांची जीप आमच्याकडं आली. ते वस्तीत आले नाहीत. पूर्वी लोक उभे राहायचे तिथंच, कडेला उभे राहिले. हातात नारळ, त्यावर सुपारी आणि नोटा.

"बहिणीचं लगीन हाय," ते म्हणाले. "तूच वाजवायचं. घे. आन् त्यो बीडचा कागद मागं घे."

आमच्यात सुपारीला हात लावला की माणूस बांधला जातो. मग घरात मयत झालं तरी वाजवायला जावं लागतं. म्हणून देणारा फार बोलत नाही. नुसता हात पुढं करतो आणि बँडवाल्याचा हात आपोआप पुढं जातो. माझाही निघाला होता. मी तो मागं नेला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"घे की लेकरा," तात्या मागून म्हणाले. तात्या म्हणजे माझे चुलते, ढोल त्यांच्याकडं. त्या हंगामात त्यांच्या घरात मीठमिरचीचे वांधे होते, हे मला माहीत होतं.

"थांबा," म्हणून मी घरात गेलो. पेटीतली नोट आणली आणि जीपच्या टपावर ठेवली.

"ही तुमची. दुकानात खाली पडलीती."

बाळासाहेबांचा चेहरा बदलला. "माज आला का बे? तालुक्यात तुझी पिपाणी कोण बोलवतंय, बगतोच."

"बगा," मी म्हणालो.

बीडला मंचापुढं कंपनीच्या वकिलांनी मला पहिलाच प्रश्न तो विचारला. "हे गाणं तुम्हाला पूर्ण वाजवता येतं, हे खरं का?" माझी मान खाली गेली. ते दुकान, त्या टाळ्या, ती फरशी सगळं डोळ्यांपुढं आलं. मग मान वर केली.

"येतं," मी म्हणालो. "मला लई गाणी येत्यात. येत्यात म्हणून ती समदी मी इकत घेतलीत, आसं होत न्हाई."

पुढची तारीख मिळाली. मग आणखी पुढची. लाईन अजून बंद आहे. बाळासाहेबांनी बोललेलं खरं केलं, केजकडच्या सुपाऱ्या तुटल्या. तरी गाडीवरचा नंबर मी खोडलेला नाही. खोडणारही नाही. तारखेला जाणार, दर तारखेला जाणार, आणि माझ्या तोंडानं बोलणार.

पार्टीत एक नियम केला. ओवाळायचं तर ओवाळा, पण नोट हातात द्या. खाली टाकलेली आमच्यातला कुणी उचलणार नाही. तात्या भडकले. "उपाशी मारतूस का आमाला?" म्हणाले. मी म्हणालो, "मारतो."

धारूरकडच्या एका वरातीत पहिल्यांदा तशी नोट पडली. नेमकी तात्यांच्या पायाशी. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी क्लॅरोनेट खाली केलं नाही, त्यांच्या डोळ्यात डोळे घालून वाजवत राहिलो. तात्यांनी ढोलावर टिपरू जोरात मारलं आणि पाय पुढं टाकला. वरात सरकली. नोट मागं धुळीत राहिली. राहू दे.