सायकलच्या घंटीची खुर्ची

मी आयुष्यात एकदाच सिंहासनावर बसून प्रवास केला आहे, आणि त्या सिंहासनाला मधोमध भोक होतं. धुळे ते जळगाव, एस.टी.च्या लाल गाडीत, दोन बाजूंच्या सीटांच्या मधल्या वाटेत, ऐन आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर. भोकावर फळी ठेवलेली होती, हे आधीच सांगून टाकते. ही गोष्ट मी कुठेही सांगितली की लोकांना पहिल्यांदा तेच विचारायचं असतं.

या प्रवासाला कारण माझे सासरे. घरातच काय, सगळ्या कॉलनीत ते नाना. जळगावातल्या एका पाइपच्या कारखान्यात त्यांनी हयात घालवली. हिवाळ्यात त्यांना लकवा झाला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ मात्र वाचली. ती आधीपेक्षा धारदार झाली, असं माझं मत आहे.

लकवा झालेल्या माणसाच्या घरात कशाकशाची गरज पडते, हे मला तेव्हा कळलं. जेवायला वेगळा चमचा हवा, धरायला भिंतीला दांडी हवी, पायाखाली न घसरणारं काहीतरी हवं. मेडिकलच्या मोठ्या दुकानात हे सगळं मिळतं, पण तिथल्या किमती ऐकून धडधाकट माणसालाही धरायला दांडी लागते. मग मी घरातच प्रयोग सुरू केले. चमच्याच्या दांड्यावर ठिबकच्या नळीचा तुकडा चढवला, की मूठ जाड होते आणि अर्धवट बोटांतही बसते. नानांनी तो चमचा फिरवून फिरवून पाहिला.

"नळी आपल्या कारखान्याची नाही," ते म्हणाले. पण त्या चमच्याने जेवले.

अडलं ते संडासापाशी. आमच्याकडे उकिडवं बसायचा संडास, आणि नानांना उकिडवं बसता येईना. माझे यजमान दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला. एवढाल्या यंत्रांशी खेळणारा माणूस, त्यांनी एका रविवारी प्लॅस्टिकच्या खुर्चीला तापल्या सुरीने गोल भोक पाडलं. खुर्ची दिसायला फक्कड झाली. नाना बसले मात्र, तिचे चारही पाय चार दिशांना गेले. नाना भिंतीवर कलंडले. लागलं फारसं नाही, पण त्यांना उचलायला मी गेले, सून, आणि ते ज्या अवस्थेत होते त्या अवस्थेत मी त्यांना उचललं.

त्या दिवसापासून नानांनी पाणी सोडलं.

तोंडाने काही बोलले नाहीत. नुसता हिशेब केला, की प्यायलं नाही तर जावं लागणार नाही, आणि जावं लागलं नाही तर सुनेला हाक मारावी लागणार नाही. सकाळी एक घोट, गोळीपुरता. मी दुपारी पलंगाशी तांब्या भरून ठेवी, संध्याकाळी तो तसाच. बाहेर जळगावचा उन्हाळा, डांबर बुटाला चिकटतंय, आणि हा माणूस कोरड्या ओठांनी मला सांगतोय, "तहान नाही." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील, मग लकव्याचं कौतुक राहणार नाही.

तेव्हा मला माहेरच्या गल्लीतले आबा आठवले.

धुळ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. म्हातारपणी त्यांचे पाय गेले, तर त्यांनी स्वतःची खुर्ची स्वतः बांधली. लोखंडी खुर्चीची बैठक कापून काढली, हातांना सायकलची ट्यूब घट्ट गुंडाळली, पायांखाली टायरचे तुकडे ठोकले, घसरू नये म्हणून. आणि उजव्या हाताशी बसवली सायकलची घंटी. आत काम झालं की ट्रिंग! मग अक्का, म्हणजे त्यांची बायको, येणार. सगळी गल्ली त्या घंटीवर हसायची. आबा महिन्याभरापूर्वी गेले होते. भेटायला जायचं माझं राहिलंच होतं.

हो, मी भेटायला गेले ते खुर्चीवर डोळा ठेवूनच. शाळेत नाटकं बसवते, नाटकी आहे, पण ढोंगी नाही, म्हणून कबूल करते.

मेलेल्या माणसाचं अंथरूण दान देतात, कपडे देतात. ही असली खुर्ची कोण दान घेणार? ती मागच्या अंगणात उभी होती, तुळशीकडे पाठ करून. अक्कांशी बसले, रडले, तेही खरंच रडले, आणि मग चाचरत विषय काढला.

"लई जाय बेटा," अक्का लगेच म्हणाल्या. "मी रोज तिच्याकडे बघते आणि वाटतं, आता वाजेल. आखाजीला त्यांची पहिली घागर भरायची आहे. त्याआधी गेली तर बरंच."

आमच्या खानदेशात आखाजीला गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. वर्षभर तहानलेला माणूस त्या दिवशी पाणी पितो म्हणतात. अक्कांनी खुर्ची पुसून दिली, घंटीसुद्धा पदराने पुसली. मी खुर्ची उचलली, उंबरा ओलांडला, आणि सवयीने म्हणून गेले, "बरं अक्का, येते."

दुःखाच्या घरातून निघताना "येते" म्हणत नाहीत. पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. नुसतं उठायचं आणि चालू लागायचं. कारण तिथे येण्याचं निमित्त एकच असतं.

अक्कांचा हात दाराच्या कडीवर थांबला. "तू हाई काय म्हनी?" त्या इतक्या हळू म्हणाल्या, की मी ऐकलं नाही असं दाखवलं. खुर्ची डोक्यावर घेऊन जवळजवळ पळालेच.

गाडीत जागा नव्हती. कंडक्टरने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हाई काय शे?"

"सिंहासन."

"मग बसा महाराणी, वाट अडवू नका."

बसले. फळी टाकून, पदर सावरून, ताठ मानेने. लोकांनी यथेच्छ टिंगल केली. एकाने विचारलं, "राज्य कुठलं?" मी म्हटलं, "पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत." मला तर मजा वाटायला लागली होती. मागच्या सीटवरच्या एका म्हातारीने विचारलं, खुर्ची कोणाची म्हणून. मी बेसावधपणे खरं सांगून टाकलं. भोवतीची हसणी एकदम बंद झाली. शेजारच्या सीटवरचे दोघं खिडकीकडे सरकून बसले.

पारोळ्याच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना नुसती कापूस काढलेली रिकामी शेतं, आणि घंटी वाजली. ट्रिंग! एकदाच. मी तिला हात लावला नव्हता. गाडी खड्ड्यातून गेली असेल, पण मला खड्डा लागला नाही. ड्रायव्हरला वाटलं, कोणी उतरायची घंटी मारली. त्याने करकचून ब्रेक दाबला.

"कोन उतरस रे?"

कंडक्टरने दार उघडलं. उन्हाची झळ आत आली. कोणीच उठलं नाही. दार तसंच उघडं राहिलं, अंमळ जास्तच वेळ.

"कोनी बी उतरनं नही," कंडक्टर म्हणाला.

"उतरनं नही," मागून म्हातारी म्हणाली, "चढनं."

माझ्या शेजारच्या सीटवरचे ते दोघंही उठले, आणि जळगाव येईपर्यंत ती सीट रिकामी होती. माणसं उभी राहिली, पण तिथे बसली नाहीत.

घरी आल्यावर मी नानांना सांगितलं, की खुर्ची दुकानातून आणली. त्यांनी डाव्या हाताने ट्यूब चाचपली.

"आता दुकानवाले घंटीपण देतात का?"

मग सगळं सांगावं लागलं. "येते" म्हटल्याचं सोडून.

"मेलेल्याच्या खुर्चीवर बसायला मी काय मेलो?" नाना म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे केलं. खुर्ची संडासात ठेवली ती तशीच राहिली. पाणीही तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीडदोनच्या सुमाराला, कॉलनीत चिटपाखरू नसताना, मला स्वयंपाकघरात डोळा लागला होता. ट्रिंग! मी धडपडत गेले. खुर्ची रिकामी. नाना पलंगावर, डोळे मिटलेले. यजमानांना संध्याकाळी सांगितलं तर म्हणाले, "पाल पडली असेल घंटीवर." वीज केंद्रातला माणूस, त्याला सगळ्याचं कारण सापडतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि त्या संध्याकाळी मी तांब्या उचलला तर तो रिकामा.

"नाना! पाणी प्यायलात?"

"मी? नाही."

त्यांचे ओठ तसेच कोरडे दिसत होते. आखाजी चार दिवसांवर होती, आबांची घागर अजून भरायची होती, आणि मी त्या घरात "येते" म्हणून आले होते. मी एकटी आले असं कोणी सांगावं? कंडक्टरने दार केवढा वेळ उघडं ठेवलं होतं! त्यानंतर रोज दुपारी मी तांब्या काठोकाठ भरायची आणि मनात म्हणायची, आबा, प्या, पण माझ्या म्हाताऱ्याला नेऊ नका. रोज संध्याकाळी तांब्या रिकामा. शेवटी राहवेना, तेव्हा नानांना सांगून टाकलं.

"नाना, तुमचं पाणी आबा पितात."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"पिऊ दे बिचाऱ्याला," ते म्हणाले. "ऊन केवढं आहे."

आखाजीच्या आदल्या दुपारी मी झोपायचं सोंग केलं आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीला डोळा लावला. आधी पलंग करकरला. नाना उठून बसले. डाव्या हाताने तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि गटागटा, थांबून थांबून, सगळा संपवला. मग तोंड खसाखसा पुसलं, थेंब राहू नये असं. हसू की रडू, मला कळेना. महिनोन्‌महिने शाळेच्या गॅदरिंगची नाटकं बसवणारी मी, आणि माझ्याच घरात हे नाटक माझ्या नजरेतून सुटलं होतं.

मग ते उभे राहिले. भिंत धरून, उजवा पाय ओढत, एक एक फरशी मोजत संडासाकडे निघाले. एकटे. धावत जावंसं वाटत होतं, आणि गेले असते तर सगळं संपलं असतं.

ते दारापासून दोन पावलं लांब असताना घंटी वाजली.

मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा डावा हात भिंतीवर होता, उजवा लोंबत होता, आणि आत कोणी नव्हतं. ट्रिंग! नाना दचकले नाहीत. थांबले, दारात वाकून पाहिलं, आणि ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले,

"उठ भाऊ. आते मनी पाळी शे."

क्षणभर थांबले, कोणाला तरी बाजूने जायला जागा दिल्यासारखे भिंतीला टेकले. मग आत गेले. दार लागलं. ट्यूबवर हात घासल्याचा आवाज आला, टायरचे तुकडे फरशीवर घट्ट बसल्याचा आला. खुर्ची हलली नाही.

माझ्या हातून फुलपात्र पडलं.

"कोन शे तठे?" आतून आवाज.

"कोनी नही," मी म्हटलं.

"मग त्या कोणीला सांग, की घंटी वाजली की इकडे फिरकायचं नाही. गॅलरीत जाऊन उभं राहायचं."

तेव्हापासून आमच्या घरात तसा नियमच आहे. नाना आता सर्वांदेखत पाणी पितात, माठ नीट गार झाला नाही म्हणून मला बोलतात, आणि खुर्ची कोणाची हे येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच सांगतात. घंटी वाजली की मी हातातलं टाकून गॅलरीत जाते. यजमान घरी असले तर तेही येतात, पालीची गोष्ट आता काढत नाहीत. कधीकधी आम्ही दोघं उन्हात उभे असतो आणि खोलीतून नानांचं घोरणं स्पष्ट ऐकू येतं.

तरी पाच मिनिटं थांबतो.