मालनचा साचा

संगणकाला आज्ञा देण्याआधी मालन जिभेनं टक् टक् करायची, मेंढरं हाकताना करतात तसं. जतकडच्या मेंढपाळाची लेक. शिकून सांगलीला आमच्या ऑफिसात आली होती. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायची, आणि चहा गाळेपर्यंत अख्खी माहितीपुस्तिका तयार!

मुलांनो, तुम्हाला यात नवल वाटणार नाही. पण साताऱ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर त्या पुस्तिका मी लिहीत असे. आम्ही शेतातले पंप आपोआप चालू-बंद करणारी यंत्रणा बसवतो. प्रत्येक गावासाठी वेगळी पुस्तिका. गावात फोन करून सगळं विचारायचं, मग लिहायचं; एकीला मला आठवडा लागे, आणि त्या आठवड्याचा मला अभिमान होता.

मालननं माझ्याच जुन्या पुस्तिकांचा साचा केला. गाव, पंप, एवढ्याच जागा रिकाम्या. वाक्यं माझी, कौतुक तिचं! "आवं बाई, समदं तुमचंच हाय," ती म्हणायची. तिच्या गोड बोलण्याचाही मला हेवा वाटे. त्यात साहेब म्हणाले, "बाई, आता घरी आराम करा की." माझी खुर्ची जाणार, हे मी ओळखलं.

तेवढ्यात खंडाळ्याकडे एक पुस्तिका गेली. पानोपानी छापलेलं: 'येथे गावाचे नाव लिहा.' तिथून फोन आला, "गावाचं नाव आमीच लिवायचं व्हय?" मला पेढे वाटावेसे वाटले.

साहेब चिडले. मालन शांतपणे म्हणाली, "मेंढरं आत घेताना वाड्याची जाळी जराशीच उघडत्यात, सर. एकेक बगून सोडायचं. म्या सताड उघडली."

दुसऱ्या दिवशी तिनं मलाच आज्ञा द्यायला बसवलं. मी मुद्दाम पंपाची जागा रिकामी सोडली. पडदा थांबला. अक्षरं उमटली: 'जागा रिकामी हाय. बाईंस्नी इचारा.'

"मला का?"

"गावागावात फोन करून तुमीच इचारताय न्हवं? मशीनला काय ठावं?"

साहेबांनी ते वाचलं. आरामाचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे मालन बंगळुरूला गेली. मिरज स्टेशनवर गाडीतून ओरडली, "बाई, त्ये वाक्य काडू देऊ नगा!"

नवी पोरं अजून 'मालनताईचा साचा' म्हणतात. 'बाईंचा' कुणी म्हणत नाही. अजूनही जळफळाट होतो माझा. मग कुणाचा तरी पडदा अडतो, खुर्ची माझ्याकडे वळते. "बाई..."

मी सावकाश चष्मा पुसते, आणि मगच मान वर करते.