बैलाचा उपास

वसमतजवळच्या आमच्या गावातून मी एका दैनिकाला बातम्या पाठवतो. हळदीचे भाव, जळालेली विजेची डीपी, कुणाचा तरी सत्कार, एवढंच माझं जग. एकदा कार्यालयातून फोन आला, "जरा मन हेलावणारं काही पाठवा हो. लोकांना सध्या तेच पाहिजे."

मन हेलावणारं असं मागून मिळत नसतं. पण त्याच आठवड्यात शेजारचे काका वारले. चौथ्या दिवशी मी काकूंकडे बसायला गेलो, तर गोठ्यात काकांचा बैल मान खाली घालून उभा. पुढ्यात हिरवी वैरण, पण तोंड लावत नव्हता, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी फोटो काढला आणि घरी येऊन लिहून टाकलं: धन्याच्या विरहाने बैलाने चारा सोडला. काकूंना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं कळलं असतं आणि एवढी चांगली बातमी हातची गेली असती.

खरं मला गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेही बातमी छापून आल्यावर आणि पोटभर हसून. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून भावकीने डबे आणले होते. भात-वरण इतकं उरलं की कुणीतरी पातेलंच बैलापुढे ओतलं. बैलाने ते मिटक्या मारत संपवलं आणि मग दोन दिवस पोट फुगून उभा राहिला. डोळ्यांतलं पाणी माश्यांमुळे होतं.

तोवर बैल फोनाफोनांत पोचला होता. एकाने त्याला आठ दिवस उपाशी ठेवलं, दुसऱ्याने थेट स्मशानापर्यंत नेलं. शेजारच्या गावचं तरुण मंडळ हार घेऊन आलं. बैलाने गळ्यात पडायच्या आत तो हार खाऊन टाकला. "दुःखात भान ऱ्हात न्हाई," मंडळाचे अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले.

मला मजा वाटत होती. मग एके सकाळी काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही मुलं बाहेरगावी नोकरीला, काकूंचे गुडघे गेलेले. सिद्धेश्वर धरणाकडचा एक शेतकरी बैल न्यायला तयार झाला होता, तोही चांगला, जीव लावणारा. बातमी वाचून त्याने अंग काढून घेतलं. म्हणाला, "मावशी, असा बैल मी दावणीचा सोडून नेला तर लोकं मला काय म्हणतील?"

"मला खाली बसून वैरण कापवत न्हाई," काकू म्हणाल्या. "आता ह्याला कोण सांभाळंल? तूच सांग."

मला फार लाज वाटली. मी लगेच कार्यालयात फोन लावला आणि खुलासा छापा म्हणालो.

"कुणी तक्रार केली का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"बैलाने?"

शेवटी हातापाया पडून चार ओळींची जागा मिळवली. खुलासा लिहिला: बैल दुःखाने नव्हे, भाताने आजारी होता. या वेळी तरी आधी विचारावं म्हणून संध्याकाळी काकूंना वाचून दाखवला.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. "बराबर लिव्हलंस," म्हणाल्या. "पण छापू नको."

"काहून?"

"डबे आले त्या दिवशी समदे जेवले रे. पोरं जेवली, सुना जेवल्या. मी बी जेवले. भूकच लागली व्हती." पदराने त्यांनी तोंड पुसलं. "ह्यांच्यापायी कोणी एक तरी उपाशी ऱ्हायला, असं पेपरात हाय. खोटं हाय, मला म्हाईत हाय. ऱ्हाऊ दे."

मी कागद घडी करून खिशात घातला. विचारलं, "आणि बैल?"

"बातमी तू लिव्हलीस, वैरण तू टाक."

तेव्हापासून दिवस मावळायच्या आत मी विळा घेऊन त्यांच्या गोठ्यात जातो. बैल वैरणीवर अधाशासारखा तुटून पडतो. काकू उंबऱ्यात बसलेल्या असतात. रस्त्याने कुणी येताना दिसलं की त्या हळूच बैलाला म्हणतात, "दमानं खाय रे बाबा, लोकं बघून राहिले."