राणीचं लगीन

खटकचिंचोळीच्या सुगंधाबाईनं जन्मात एकच पिक्चर बघितला. चाळीस वर्षांमागं, भालकीच्या टॉकीजात, नवऱ्याच्या मागं हात धुऊन लागून. घरी आली तर नणंद जगदेवी दारातच उभी, काय बघितलंस म्हणून खुणा करायली. जगदेवीला जन्मापासून ऐकू येत न्हाई. तिला पिक्चर सांगायचा कसा? सुगंधाबाईनं पदर खोचला आणि अंगणात अख्खा पिक्चर नाचून दाखवला. राजा ती, राणी ती, कपटी दिवाण ती, घोडासुद्धा तीच. तोंडातून शब्द न्हाई.

तेव्हापासून दर पंचमीला जगदेवी माहेरी आली, फुगड्या झाल्या, की बायका अंगणात फतकल मारतात आणि बाई नाचती. गुडघे कुरकुरतात, पण दिवाण आला की अशी कंबर वाकडी करती की हसून हसून पोट दुखावं. शेवटी राजा-राणीचं लगीन लागतं आणि सगळ्या टाळ्या पिटतात.

आता खरं सांगायचं तर ते लगीन बाईनं पदरचं लावलेलं. शेवटची एसटी चुकंल म्हणून नवऱ्यानं तिला अर्ध्यातूनच ओढत आणलं होतं. त्या साली जगदेवीचं लगीन कुठंच जुळत नव्हतं. तिच्यापुढं दुसरा शेवट नाचवणार तरी कसा? पुढं जगदेवीचंही जुळलं, पण हे कुणाला सांगितलं न्हाई. सांगून काय उजेड पडणार होता?

यंदा सून पल्लवीनं सासूपुढं मोबाईल धरला. "आत्याबाई, तुमचा पिक्चर गावला बघा."

"कामून उकरायलीस जुनं?" सुगंधाबाईनं मोबाईलवर हात ठेवला. पण बायका जमल्याच होत्या.

मोबाईलवरच्या पिक्चरात शेवटी राणीनं विहीर जवळ केली. टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपण चाळीस वर्षं फसवलं, या विचारानं सुगंधाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगदेवीकडं बघवेना.

जगदेवीनंच तिची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि हातानं खुणा करून सांगायला लागली. सासरी टीव्ही आला त्याच साली तिनं हा पिक्चर बघितला होता. दोन दिवस घास उतरला नव्हता. मग पंचमी कधी येती म्हणून दिवस मोजले होते.

"काय म्हणायल्यात?" पल्लवीनं विचारलं.

सुगंधाबाईनं डोळे पुसले. "म्हणायलीय, तिथं राणीला कुणी वाचवलं न्हाई. तू दरसाल वाचवतीस. ऊठ."