उघडी रास

नारायण म्हात्रे तापट आहेत हे भाईंदरच्या मिठागरावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चौतीस वर्षं ते तिथे मुकादम होते. पावसाआधी मिठाच्या राशी पेंढ्याने घरासारख्या शाकारून टाकायच्या, हा तिथला रिवाज. एखादी रास ढगाखाली उघडी राहिली तर मुकादम अशा काही शिव्या द्यायचे, की पलीकडच्या आगरातली माणसं फावडी टेकून ऐकत उभी राहायची. मीठ वाहून गेल्याचा राग तर असायचाच, पण त्याहून मोठा राग खालच्या गावच्या विहिरीचा. एका वर्षी कुणाच्या तरी आळसापायी ती विहीर खारट झाली आणि नंतर गावातल्या बायका मैलभरावरून पाणी आणू लागल्या. तेव्हा नारायण नवे मुकादम होते. ती गोष्ट त्यांनी कधी विसरू दिली नाही, ना स्वतःला, ना दुसऱ्यांना.

आता वय चौऱ्याहत्तर. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या एका थंडगार खोऱ्यात मुलाकडे, सुमेधकडे, ते आणि बायको मंदाकिनी आठ महिन्यांसाठी आले होते. सुमेध पुण्यात इंजिनिअर झालेला. वरच्या डोंगरावर बर्फात घसरायला जाणाऱ्या हौशी लोकांसाठी जो रस्ता आहे, तो हिवाळ्यात चालू ठेवण्याचं कंत्राट त्याच्या कंपनीकडे होतं. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून ट्रक मीठ फेकत जायचे. घरापासून दहा मिनिटांवर, चढावर, कंपनीचं यार्ड. तिथे दोन पुरुष उंच मिठाची रास. यार्डाखाली ओढा आणि ओढ्याकाठी सुमेधचं घर, स्वतःच्या बोअरचं पाणी पिणारं.

पहिल्याच आठवड्यात नारायण म्हणाले, "पाणी खारट आहे."

"बाबा, तुमची जीभ अजून भाईंदरलाच आहे," सुमेध हसत म्हणाला.

जून उजाडला, तिथला हिवाळा सुरू झाला, तसे मंदाकिनीबाईंचे पाय सुजू लागले. ब्लड प्रेशर गोळ्यांना दाद देईना. डॉक्टरने मीठ बंद करायला सांगितलं. सून प्रणिता बिचारी अळणी आमटी करायची, तरी आकडा काही खाली येईना. मग संशय आला लोणच्यावर. मंदाकिनीबाई शपथेवर सांगत होत्या की मी बोटसुद्धा लावलेलं नाही. पण आजारी म्हातारीच्या शपथेवर विश्वास कोण ठेवतो? प्रणिताने कैरीच्या लोणच्याची बरणी कचऱ्यात रिकामी केली. मंदाकिनीबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. स्वतःच्या मुलाच्या घरात चोरून खाणारी ठरले, हे त्यांना सुजलेल्या पायांपेक्षा जास्त लागलं.

नारायणांनी मग आपल्या पद्धतीने चौकशी केली. पातेलंभर नळाचं पाणी घेतलं, सबंध सकाळ शेगडीवर आटवलं आणि उरलेला घोट स्टीलच्या ताटलीत सुकवला. ताटलीवर पांढरा थर धरला. बोट लावून जिभेवर ठेवायचीही गरज नव्हती, तरी ठेवलं. सुमेध कामावरून आला तशी ताटली त्याच्यासमोर धरली.

सुमेधचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातून पाण्याचे कॅन आणले आणि आईला सांगितलं, "बोअरचा फिल्टर बदलायचाय, तोवर हे प्या." नारायणांना बाजूला घेऊन म्हणाला, "कुठे बोलू नका, बाबा. माझी इथे कायम राहण्याची, रेसिडेन्सीची फाइल याच कंपनीच्या नोकरीवर अडकलीये."

"आईला तरी सांग की तिच्या लोणच्याचा काही दोष नव्हता."

"सांगतो ना. जरा थांबा."

आईला मात्र त्याने सांगितलं नाही. नारायण थांबले, पण त्यांना थांबणं कधीच जमलं नव्हतं.

ते रोज चढ चढून यार्डाच्या कुंपणाशी जाऊन उभे राहू लागले. जे दिसत होतं ते पाहून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. राशीवर कधीकाळी ताडपत्री होती. तिच्या चिंध्या एका खांबाला फडफडत होत्या. लोडरवाला ट्रकात उतू जाईल इतकं मीठ भरायचा, सांडलेलं चाकाखाली तुडवलं जायचं. पाऊस आला की राशीच्या अंगावर ओघळ पडायचे आणि ते ओघळ थेट कुंपणाखालून ओढ्यात. खालचं गवत जळून गेलं होतं. आणि हे करणारी माणसं शिकलेली! भाईंदरचा अंगठेबहाद्दर मजूर हे करायला धजला नसता.

एकदा जेवणाच्या टेबलावर सुमेधचे कागद पसरलेले होते. इंग्रजी नारायणांना बोलता यायचं नाही, वाचता यायचं. कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, दर महिन्याला पाठवायचा तक्ता. 'रास झाकलेली आहे का?' पुढे 'होय'. खाली सुमेधची सही. त्यांनी पानं उलटली. चौदा महिने, चौदा 'होय'.

मुलाला त्यांनी काही विचारलं नाही. राग फार झाला की नारायण गप्प होत, आणि त्यांना ओळखणारे तेव्हाच घाबरत.

त्याच सुमारास नात वल्लरीचा वर्ग ओढ्यावर किडे मोजायला गेला. दगड उलटायचे, खाली काय काय जगतंय ते लिहायचं. यार्डाच्या वर पान भरलं, यार्डाच्या खाली दोन ओळीही नाहीत. "आजोबा, देअर वॉज हार्डली एनिथिंग," ती घरी येऊन म्हणाली. तिच्या बाईंनी ते आकडे कौन्सिलला पाठवले. कौन्सिलने कळवलं, पुढच्या गुरुवारी यार्ड पाहायला एक अधिकारी बाई येतील.

नारायणांना मात्र गुरुवारपर्यंत दम निघेना. रविवारी रात्री पावसाचा अंदाज होता. शनिवारी सकाळी शेजारच्या शेतकऱ्याकडून त्यांनी खुणा करून पेंढ्याचे गठ्ठे मागून घेतले आणि ते यार्डात शिरले. त्यांना कुणी अडवलं नाही. उलट लोडरवाला धावत आला आणि त्याने नारायणांच्या अंगावर हेल्मेट व झगझगीत पिवळं जाकीट चढवलं. म्हाताऱ्याच्या डोक्याची काळजी होती, ओढ्याची नव्हती! दोन दिवस नारायण राशीवर राबले. खालून वर पेंढ्याचे थर, एकावर एक, पाणी निथळेल असे, आणि वरून निळ्या सुतळीची आवळ. हात सोलवटले, कंबर धरली. रविवारी दुपारी रास शाकारून झाली.

सोमवारी मॅनेजर क्रेग आला, त्याने राशीभोवती फेरी मारली आणि खूश झाला. "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे 'झकास', असं म्हणत आणि नारायणांच्या पाठीवर थाप मारून त्याने चारी बाजूंनी फोटो काढले. मग सुमेधला म्हणाला, हे फोटो मागच्या सगळ्या तक्त्यांना जोड. गुरुवारी कौन्सिलच्या बाई आल्या की सांगू, आमची पर्यावरणाला धरून केलेली गवताची पद्धत आहे, पहिल्यापासूनची.

इंग्रजी बोलता येत नसलं तरी नारायणांना शब्दन् शब्द कळला.

घरी येताना सुमेध म्हणाला, "बाबा, तुम्हीच झाकलीत ना? म्हणजे आता ती झाकलेलीच आहे. मग खोटं काय त्यात?"

नारायण रस्त्यातच थांबले. "माझ्या हातांनी तुझं खोटं झाकायला मी दोन दिवस राबलो काय रे? लाज नाही वाटत? अडाणी बापाच्या कष्टावर सही मारतोस?" त्यांचा आवाज एवढा चढला, की कुंपणापलीकडच्या मेंढ्या बाजूला पळाल्या. सुमेध मान खाली घालून पुढे निघून गेला.

गुरुवारी सकाळी नारायणांनी आधी आकाश पाहिलं. निळंशार होतं, पावसाचा टिपूस नव्हता. मग ते यार्डात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शाकारलेली रास स्वतःच्या हातांनी उघडली. ओढ्याकडची अख्खी बाजू. सुतळी कापली, पेंढा ओढून काढला. खाली चौदा महिन्यांचे ओघळ होते, हातभर खोल, आणि कुंपणापर्यंत गेलेले पांढरे पट्टे. हे करताना त्यांना रडू येत होतं आणि रडू येतंय म्हणून आणखीच राग येत होता.

कौन्सिलच्या बाई आल्या तेव्हा क्रेगचं तोंड पाहण्यासारखं झालं. तो घाईघाईने म्हणाला, म्हातारे जरा भ्रमिष्ट आहेत, त्यांनीच हे विसकटलं.

बाईंनी नारायणांना विचारलं, "तुम्ही कोण?"

नारायणांनी मोडकं इंग्रजी जोडलं. "आय पुट. सन्डे. बिफोर, ओपन." पुढचे शब्द सापडेनात. मग ते सुमेधकडे वळले. "तू सांग त्यांना. मी बोलतो, तू इंग्रजीत सांग. एक शब्द गाळलास तर मला कळेल."

क्रेग सुमेधकडे रोखून बघत होता. बाई वही उघडून थांबल्या होत्या.

"सांग, ही रास चौदा महिने उघडी होती."

सुमेधने ते इंग्रजीत सांगितलं.

"सांग, सगळं पाणी ओढ्यात गेलं आणि जमिनीत गेलं. खालच्या बोअरचं पाणी खारट झालंय."

सुमेधने तेही सांगितलं. आवाज बारीक झाला होता.

"आता सांग, कागदावर 'झाकलेली' असं कोण लिहीत होतं."

सुमेध बाईंकडे वळला. मग त्याने बापाकडे न बघता इंग्रजीत म्हटलं, "मी. सह्या माझ्या आहेत."

क्रेग तावातावाने फोन लावत गाडीकडे गेला. बाईंनी ओघळांचे फोटो घेतले, बोअरच्या पाण्याची बाटली भरून घेतली. निघताना नारायणांनी मुलाकरवी एकच प्रश्न विचारला: ही बोअर गोड कधी होणार? बाई म्हणाल्या, नक्की कुणी सांगू शकत नाही. आज मीठ पूर्ण थांबलं तरी दहा वर्षं, कदाचित जास्त.

नारायणांनी ती बाजू पुन्हा शाकारली. सुमेध शेजारी उभा राहून पेंढा देत होता. त्याला शाबासकी मिळाली नाही. आपण होऊन बोलला असता तर गोष्ट वेगळी होती.

"आता घरी चल," काम झाल्यावर नारायण म्हणाले. "आईला सांगायचं राहिलंय. तिथे मी काही बोलणार नाही."

मंदाकिनीबाई पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. सुमेध त्यांच्या पायाशी बसला आणि त्याने सगळं सांगितलं: रास, सह्या, बोअर, फिल्टरची थाप.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बाबांनी ताटली दाखवली तेव्हापासून. सव्वा महिना."

"सव्वा महिना मी प्रणितासमोर खाली मान घालून जेवतेय," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तू समोर बसून बघत होतास ना?"

सुमेधने बापाकडे पाहिलं. नारायण दाराशी उभे होते, आणि त्यांनी एका शब्दानेही मुलाला वाचवलं नाही.