उघडमावशी

आमच्या रामवाडीच्या इमारतीतून कुणी परदेशी निघालं की मावशी आधी त्याच्या तोंडाकडे बघायची नाही, बॅगेकडे बघायची. कमरेवर हात ठेवून दारात उभी राहायची आणि एकच शब्द बोलायची, "उघड." ना कधीचं विमान विचारायची, ना जपून जा म्हणायची. बॅगेला कुलूप लागलेलं असो, वर दोरी आवळलेली असो, खाली गाडीवाला हॉर्न वाजवून जीव खात असो, बॅग उघडल्याशिवाय बाई दारातून हलत नसे. म्हणून तिचं नाव पडलं उघडमावशी. तिचं खरं नाव मला फार उशिरा, तिचा पासपोर्ट हातात घेतला तेव्हा कळलं.

परदेश म्हणजे आखात. तिथल्या कुठल्याही देशाला आमच्याकडे दुबईच म्हणतात. कुणी वेल्डर म्हणून जातो, कुणी एसी मेकॅनिक, आणि हल्ली पोरांकडे महिनाभर राहायला आईबापही जातात. मावशी फरशीवर फतकल मारून बसायची आणि इस्त्रीच्या कपड्यांसकट सगळा संसार बाहेर काढायची. गोडा मसाला बाजूला. लाडू फोडून बघायचा. औषधाच्या गोळ्या दिसल्या की "डाक्टरची चिठ्ठी कुठं हाय?" इथवर ठीक होतं. पण ती हिंगाची डबीही काढून ठेवायची, पोह्याचे पापडही. एकदा तर तिने देवाच्या अंगाऱ्याची पुडी बाजूला केली. मी म्हटलं, "मावशी, अगं अंगाऱ्याने काय होणार आहे?"

"पावडर हाय ना? मग?"

मी शाळेत पन्नास पोरांना गप्प बसवते, पण मावशीपुढे माझं काही चालत नसे.

माझे धाकटे दीर रोह्याजवळ वरसे गावी राहतात. तिथल्या एका कंपनीतली नोकरी सुटल्यावर त्यांनी तिकडे जायचं ठरवलं. भेटीचा व्हिसा काढायचा, तिथे पोचल्यावर नोकरी शोधायची, असा त्यांचा बेत. विमानतळाकडे जाताना आमच्याकडे चहाला थांबले, आणि कप हातात घेतात न घेतात तोच मावशी हजर. "कागद वाच गो," ती मला म्हणाली. मी वाचला. भेटीपुरता प्रवेश, काम करायला मनाई, पासपोर्टची मुदत अमुक इतकी हवी. मावशीने दिरांना तीन प्रश्न विचारले. "परतीचा तिकीट हाय? उतरनार कोनाकडं?" आणि मग आवाज खाली आणून, "दुसऱ्याचा काय घेतलास?"

दीर आधीच तापट. "मी काय चोर आहे का?" म्हणाले. पण बॅगेच्या तळाशी चिकटपट्टीने गच्च बांधलेलं एक पुडकं निघालंच. त्यांच्या एका मित्राने तिकडच्या आपल्या भावासाठी दिलेलं. "चिवडा आहे म्हणाला तो."

"तू बघितलास?"

मावशीने कात्री मागितली. निघाला चिवडाच. तिने तो खिडकीशी नेला, मूठमूठ तळहातावर पसरून उजेडात चाळला. दीर म्हणाले, "झालं समाधान?" ती म्हणाली, "चिवडा व्हता म्हनून बरा," आणि पुडकं काही तिने नेऊ दिलं नाही. दीर रागावून निघून गेले.

पूर्वी ती अशी नव्हती. तिचा मंगेश तिकडे प्लंबिंगच्या कामावर होता. दिवाळीच्या तोंडावर समोरच्या दाराचा दिनेश पहिल्यांदाच तिकडे निघाला. जाणाऱ्याच्या हातून आपल्या माणसाला खाऊ पाठवायचा, ही आमच्याकडची रीतच आहे. नको म्हणणाऱ्याला शिष्ट ठरवतात. मावशीने मंगेशसाठी अनारसे केले, छान जाळी पडलेले, वरून खसखस थापलेले. आम्हीही ते खाल्ले, वाहवा केली. दिनेशने डबा जसाच्या तसा बॅगेत ठेवला. मावशीच्या हातचं, त्यात उघडून काय बघायचं?

मंगेश विमानतळाबाहेर उभा राहिला. त्या विमानाची सगळी माणसं बाहेर आली, दिनेश आला नाही. फोन बंद. मग कळलं, त्याला आतच धरलंय. आपण वाटणात मूठभर घालतो ती खसखस तिथे नशेच्या मालात मोडते, आणि बॅग ज्याच्या हातात, गुन्हा त्याचा. मंगेशचा फोन आला तेव्हा मी मावशीच्याच घरात होते. फोन ठेवून ती नुसती बोटांवर मोजत बसली. "अनारशात काय असते गो? तांदूळ, गूळ, खसखस. तांदूळ, गूळ, खसखस."

दिनेश अजून तिकडेच आहे. तारखा पडतात, दुभाषा येतो, कागद फिरतात.

दिनेशची आई सुमनताई. एवढं होऊन त्यांनी मावशीला एक शिवी दिली नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला फार वाटायचं. समोरासमोर दारं, मध्ये चार पावलांचा पॅसेज, आणि त्यात शब्द नाही. सुमनताईंचं दार वाजलं की मावशी हातातलं काम टाकून आत जायची. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या बॅगा उघडायला लागली.

मंगेशने तिच्यासाठी भेटीचा व्हिसा पाठवला. नात झाली होती. कागद मीच छापून आणला, तिला वाचून दाखवला, ह्या तारखेच्या आत तिथे पोचायला हवं म्हणून बजावलं. ती म्हणाली, "सुमन तिच्या पोराचा तोंड बघंल, मग मी माज्याचा बघीन." मुदत गेली. मंगेशने पुन्हा व्हिसा काढला, तोही तसाच गेला. नात फोनवर चालायला लागली, फोनवरच आजी म्हणायला लागली. मी चिडून म्हटलं, "वेड लागलंय का तुला?" तर म्हणाली, "तू नको बोलू गो. तुला नाय कळायचा." मागच्या पावसाळ्यात मावशी वारली. पासपोर्ट कोराच राहिला.

ती जाण्याच्या थोडेच दिवस आधी सुमनताईंना पोराला भेटायची परवानगी मिळाली. व्हिसा मंगेशनेच काढला, उतरायचंही त्याच्याकडेच. निघायच्या दुपारी सगळी इमारत पॅसेजमध्ये गोळा झाली. बॅग तयार, गाडी आलेली, आणि मावशीचं दार आतून बंद. ह्या एका बॅगेला उघड म्हणायची तिची हिंमत नव्हती.

सुमनताईंनी बॅग फरफटत पॅसेजपलीकडे नेली. कडी वाजवली. मावशीने दार किलकिलं केलं, तशी बॅग तिच्या पायाशी आडवी ठेवून म्हणाल्या, "उघड, मावशे."

मावशी खाली बसली. दोन साड्या, दिनेशचे बनियन, एक टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्या आणि त्यांची चिठ्ठी. तिने एकेक कपडा झटकला, शिवणी चाचपल्या, रिकामी बॅग उलटी करून थोपटली. काहीच नव्हतं. घड्या घालून सगळं परत भरलं, चेन लावली. तिची मान वर होत नव्हती.

"मंगेशला काय द्यायचा हाय?" सुमनताईंनी विचारलं. "दे. मी नेते."

मावशीने दोन्ही तळवे पदराला पुसले. मग पुन्हा पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

"नको गो," ती म्हणाली. "त्याला सांग, आयनं काय दिला नाय."