भागूबाईची पहिली न्हाई

सरकारी माणसानं काहीही विचारलं की भागूबाईचं पहिलं उत्तर ठरलेलं असे. न्हाई. घरात माणसं किती, असं जनगणनेला आलेल्या मास्तरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "न्हाई ठावं." पोलिओचे थेंब पाजायला आलेल्या नर्सबाईंना तिनं "पोर न्हाई घरात" म्हणून सांगितलं, तेव्हा आत पोरगं भोकाड पसरून रडत होतं. मतदान करून येताना कुणी हटकलं तर शाईचं बोट पदराआड जायचं. आंदर मावळातल्या त्या ठाकरवाडीत थोडेफार सगळेच असे होते, पण या बाबतीत भागूबाईचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

यात कुणाला फसवायचा हेतू नसे, आणि येणारी माणसंही मुरलेली होती. नर्सबाई ओट्यावर टेकायच्या, पाणी मागायच्या, कुणाची म्हैस व्याली ते विचारायच्या आणि मग हळूच पोराचा विषय काढायच्या. दुसऱ्यांदा विचारलं की भागूबाई गप्प राही. तिसऱ्यांदा विचारलं की मुकाट आत जाई आणि पोर आणून बाईंच्या मांडीवर देई. पहिली न्हाई म्हणजे दाराला लावलेली कडी. ती वाजवायची आणि थांबायचं, एवढी साधी रीत होती.

या न्हाईला कारण होतं, आणि ते कारण बहुतेक वेळ ओट्यावर बिडी ओढत बसलेलं असायचं. भागूबाईचा नवरा, शिदू.

थोरला हृतिक तान्हा होता तेव्हाची गोष्ट. त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात खवल्याचं एक खवलं बांधलेलं होतं. खवल्या म्हणजे खवले मांजर. मुंग्या आणि वाळवी खाऊन राहणारं, भ्यालं की अंगाचं मुटकुळं करून पडणारं, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेलं जनावर. त्याचं खवलं अंगावर असलं की पोराला दृष्ट लागत नाही, असं वाडीत मानतात. ते खवलं शिदूच्या आजीपासून घरात होतं. हे जनावर आता फार थोडं उरलंय, त्याचा चोरटा बाजार चालतो आणि कायदा कडक आहे, हे वाडीला कुणी सांगितलं नव्हतं. पोराच्या गळ्यातलं खवलं पाहून खाकी कपड्यातली माणसं शिदूला गाडीत घालून घेऊन गेली. पुढं कित्येक वर्षं तो कोर्टाच्या तारखा करत राहिला. शेवटी सुटला, पण घरी आला तो निराळाच शिदू. सगळा डोंगर कोळून प्यालेला हा माणूस पुन्हा पठारावर चढला नाही. खाकी कपडा वाडीत दिसला की तो उठून चुलीपाशी जाऊन बसायचा. भागूबाईला त्याच्याकडं बघवत नसे.

त्या दिवसापासून वाडीत खवल्याचं नाव निघालं नाही. पण खवल्या पठारावर होता. एकदा भल्या पहाटे करवंदांना गेलेली असताना भागूबाईनं तो स्वतः पाहिला. जाळीतून एक मादी निघाली आणि जमिनीचा वास घेत, आपल्याच नादात समोरून गेली. तिच्या शेपटीवर पिल्लू होतं, घट्ट धरून बसलेलं. भागूबाईला इतकं बरं वाटलं की करवंदं तोडायची सोडून ती घरी आली आणि कधी एकदा सांगते असं होऊन तिनं शिदूला सांगितलं. शिदूनं बिडी विझवली.

"त्यांचं बीळ जुनंच हाय. कुटं त्ये मला ठावं हाय," तो म्हणाला. "पर तू कुनाला बोलू नगंस."

ती बोलली नाही.

मग त्या पठारावर धरणाचं ठरलं. एक तळं वर, एक खाली. पाणी वर चढवायचं, खाली सोडायचं आणि वीज करायची. अशा कामांना जनावरं, पाखरं बघण्यापायी फार उशीर होतो, तेव्हा पाहणी चटकन उरका, असं म्हणे वरून आलं होतं. वर म्हणजे कुठून, ते वाडीला कधीच कळत नाही. उन्हाळा संपायच्या आत एक जीप आली. जीपमधून शुभदा मॅडम उतरल्या. जनावरांचा अभ्यास केलेली, उन्हानं रापलेली, कामानं पिचलेली पोरगी. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला.

"मावशी, हे इकडं कधी दिसतं का?"

"न्हाई," भागूबाई म्हणाली. "आसलं कायबी न्हाई हितं."

"वर वारुळं उकरलेली दिसली मला."

"डुकरं उकरत्यात."

शुभदा घुटमळली. तिचा विश्वास बसला नव्हता, ते भागूबाईला स्पष्ट दिसलं. अशा वेळी माणूस ओट्यावर टेकतो, पाणी मागतो. भागूबाई पाणी आणायला आत वळलीसुद्धा. तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न दिला, अजून तीन गावं व्हायची होती. भागूबाई तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा जीप उताराला लागली होती.

पाऊस सुरू व्हायच्या आधीच ग्रामपंचायतीपुढं मांडव पडला. जनसुनावणी होती. पुढं खुर्च्यांवर साहेब, शेजारी शुभदा, आणि मांडवाच्या तोंडाशी दोन वनरक्षक. वाडीतली माणसं मागं सतरंजीवर. खाकी कपडा बघून शिदू आत आलाच नाही, बाहेर जांभळीच्या बुंध्याला टेकून उभा राहिला.

सरपंच बजरंगभाऊ आधी बोलले. खालच्या गावचे बागायतदार, पण वाडीचं त्यांना कळत नव्हतं असं नाही. "धरनासंगं रस्ता व्हईल," ते म्हणाले. "बाळंतीन बाई झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो, त्ये थांबंल." भागूबाईनं मान डोलावली. तिची सून रंजना अशीच झोळीतून खाली गेली होती आणि त्या वाटेवरचे हाल अजून तिच्या डोळ्यांपुढं होते. रस्ता कुणाला नको होता?

मग साहेबांनी पाहणीत काय निघालं ते वाचून दाखवलं. खवले मांजराचा वावर आढळला नाही. वारुळं रानडुकरांनी उकरलेली आहेत, असं वाडीतल्या एका महिलेनं सांगितलं. सबब पुढं पाहणी करायची गरज नाही.

भागूबाई ऐकतच राहिली. उभ्या जन्मात तिच्या न्हाईवर कुणी विश्वास ठेवला नव्हता. मास्तरांनी नाही, नर्सबाईंनी नाही, खुद्द तिच्या सुनेनं नाही. आणि आता सरकार घाईत होतं म्हणून सरकारनं तिची पहिलीच न्हाई उचलली आणि छापून मोकळं झालं. तिला पिल्लू आठवलं. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापण्याइतकी. ती उठून उभी राहिली.

"सायेब, ती बाई म्या हाय. म्या खोटं बोलले. खवल्याची मादी हाय वर. पिल्लू घिऊन जाताना पायलीया म्या."

मांडवात कुजबुज झाली. बजरंगभाऊ मागं वळले. "भागूबाई, रस्ता नगं व्हय तुला?"

"पायजेल की भाऊ. पर ती हाय. हाय तिला न्हाई कसं म्हनू?"

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?" साहेबांनी विचारलं.

"येकदाच इचारलं."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं. "नुसतं पाहिलं म्हणून अहवाल बदलत नाही. बीळ दाखवता येत असेल तर सांगा. थांबवतो मी. नसेल तर आज हे बंद करायचंय मला."

बीळ कुणाला ठाऊक आहे, ते भागूबाईला माहीत होतं. मांडवाच्या तोंडाशी उभे असलेले दोघंही तिला दिसत होते. गळ्यात खवलं म्हणजे शिकार, हा हिशोब पूर्वी एकदा झाला होता. मग बीळ ठाऊक असलेल्या माणसाचं काय होईल?

"न्हाई ठावं," ती म्हणाली.

शुभदा खुर्चीवरून उठली. भागूबाईला खाली बसवून सतरंजीवर तिच्याशेजारी बसली. "मावशी, वाडीत कुणाला तरी ठाऊक असेल ना?"

भागूबाई काही बोलली नाही.

"मला ते वाचवायचंय, मावशी. कुणाला ठाऊक आहे?"

पोरगी खरं बोलत होती, चांगली होती, तिसऱ्यांदा विचारत होती. आणि तरी भागूबाई म्हणाली, "न्हाई. कुनालाच ठावं न्हाई." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. साहेबांनी पेन उचललं.

"मला ठावं हाय."

आवाज मांडवाच्या तोंडाकडून आला. शिदू आत आला होता, त्या दोन वनरक्षकांच्या बरोबर मधून. टोपी त्यानं हातात चुरगाळून धरली होती.

"कुणाला, तुम्हाला?" साहेब म्हणाले. "बरं. उद्या सकाळी माणसं पाठवतो तुमच्याबरोबर."

शिदूनं नकाराची मान हलवली.

"उद्या नगं, सायेब," तो म्हणाला. "आत्ताच चला. उद्यापातुर मला भ्या वाटाया लागंल."